शिंगावरचं लेबल

कायदा करणाऱ्यांनी दूध पिशवीतच जन्माला येतं असं गृहीत धरलं होतं. त्यांना फार दोष देता येणार नाही. देशातल्या बऱ्याच मुलांचाही तोच समज होता. जनुक बदललेल्या चाऱ्यावर पोसलेल्या जनावराच्या दुधाला जांभळा ठिपका लावायचा, आणि तो 'अंतिम भांड्यावर, ग्राहकाच्या नजरेस पडेल अशा दर्शनी भागी' लावायचा, असं नियमात होतं. पिशवी, बाटली, खोका, कॅन, सगळ्यांचा विचार झाला होता. कोल्हापूरचा झाला नव्हता.

कोल्हापुरात तालमीसमोरच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाईक पेला पुढे करतं, गवळी त्यात थेट धार मारतो, आणि माणूस उभ्या उभ्या फेसासकट दूध पिऊन मिशा पुसत घरी जातो. आता यात अंतिम भांडं कोणतं? अन्न निरीक्षक सुतार यांनी नियम पुन्हा पुन्हा वाचला, वरिष्ठांना फोन लावला आणि निर्णय दिला की अंतिम भांडं म्हणजे म्हैस. राहिला दर्शनी भाग. धार काढताना गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर म्हशीचा जो भाग असतो, त्यावर ठिपका लावायला ना गवळी तयार होते, ना सुतार. बरीच भवति न भवति होऊन शेवटी ठिपक्याऐवजी शिंगाला जांभळी फीत, अशी तडजोड झाली.

हे सगळं डॉ. दिगंबर सरनोबत हातात रिकामा पेला घेऊन ऐकत होते, आणि मनातून सुखावले होते. कारण दूध तपासायच्या ज्या पट्टीच्या जोरावर हा कायदा उभा होता, ती पट्टी त्यांनी शोधली होती.

पट्टीची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वी मक्याचं एक नवं वाण आलं. त्यात शास्त्रज्ञांनी एक चिमुकला रेणू घातला होता. अळी मक्याला तोंड लावायची, रेणू तिच्या पोटात जायचा, तिथलं एक जनुक मुकं करायचा, आणि अळी उपाशी मरायची. म्हशीने तोच मका खाल्ला तर तिला काही होत नसे. तिच्या पोटाच्या चार कप्प्यांतून जाताना रेणूचा चुराडा होई. तरी एखादा तुकडा निसटून दुधात येई. समुद्रात चिमूटभर साखर टाकावी, इतका. त्याने माणसाला अपाय होतो असं कुठेही सिद्ध झालं नव्हतं. पण 'आहे की नाही' हे सांगता येऊ लागलं की 'असला तर काय' हा प्रश्न कोणी विचारत नाही. सरनोबतांच्या पट्टीने नेमकं तेच सांगता येऊ लागलं. पट्टीवर त्या रेणूशी जोडी जुळणारा एक धागा बसवला होता. जोडी जुळली की धाग्याला चिकटवलेलं विकर, म्हणजे एन्झाइम, जागं होई आणि रंगद्रव्याला जांभळं करी. जोडी नाही, तर पट्टी पांढरी.

मग दुधाला जात आली. सोसायट्यांच्या फाटकांवर 'येथे फक्त पांढरे दूध' अशा पाट्या लागल्या. अभिषेकाच्या दुधाबरोबर पट्टी जोडावी असं देवस्थानांनी कळवलं. स्थळं पाहायला गेलेल्या मंडळींनी चहाच्या दुधाची चौकशी केल्याचंही ऐकू येऊ लागलं. यात एक गंमत होती. आपल्याकडची जनावरं कितीतरी वर्षांपासून जनुक बदललेल्या कपाशीच्या सरकीची पेंड खात आली आहेत. ती नियमातून वगळली होती. घेतली असती तर राज्यात पांढरं दूध औषधालाही उरलं नसतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे सभ्य लोक असल्यामुळे कोणी बोलत नव्हतं.

कट्ट्यावरचे बहुतेक गवळी नव्या मक्याचा मुरघास, म्हणजे खड्ड्यात मुरवलेला हिरवा चारा, घालत होते. तो स्वस्त पडे. ते तसं नाकारत नव्हते, कारण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. शिवाप्पा हेरवाडे मात्र न विचारता सांगत असे. त्याच्या म्हशींच्या मागच्या भिंतीवर एक पाटी होती: 'फक्त कडबा, उसाचं वाडं आणि ओलं गवत.' घर आणि गोठा गावाबाहेर होते. तिथलं चारापाणी त्याचा धाकटा भाऊ गुरुलिंग बघत असे आणि कट्टा शिवाप्पा सांभाळत असे. तालमीतले पैलवान, बाळंतिणींच्या आया आणि सरनोबतांसारखी जुनी गिऱ्हाइकं ही पाटी वाचून येत. सरनोबत तर वडिलांचं बोट धरून येत असल्यापासून याच म्हशींच्या आज्यांचं दूध पीत आले होते.

सुतारांनी नमुना काढायचं ठरवलं तेव्हा शिवाप्पाच पुढे झाला. "डॉक्टर उभे हाईत की हितंच. त्यांची पट्टी, त्यांनीच बुडवावी."

सरनोबतांनी मोठ्या हौसेने बुडवली. आपल्या माणसाचं भलं आपल्या हातून, आपल्याच शोधाने, चारचौघांसमोर होणार, असा योग शास्त्रज्ञाच्या आयुष्यात क्वचित येतो. शिवाप्पाने त्यांच्या पेल्यात धार मारली, फेस वर आला, सरनोबतांनी पट्टी दुधात धरली आणि वर काढली.

पट्टी जांभळी झाली होती. फिकी वगैरे नाही, पिकल्या जांभळासारखी.

पहिल्यांदा बंडा चौगुले नावाचा जुना पैलवान बोलला. बंडाचं तोंड तालमीत सगळ्यात तयारीचं होतं. "काय रं शिवाप्पा, कडब्याला कणसं लागली व्हय तुझ्या?"

हशा झाला. इतर गवळ्यांनी आपापल्या म्हशींच्या शिंगांना मुकाट जांभळ्या फिती बांधून घेतल्या. त्यांचं काहीच बिघडलं नाही, कारण त्यांनी कधी काही सांगितलंच नव्हतं. बिघडलं ते सांगणाऱ्याचं. सुतारांनी शिवाप्पाच्या म्हशीला फीत बांधली तेव्हा तिने मान झटकली. शिवाप्पाने तिचं शिंग स्वतः धरून ठेवलं. तो सरनोबतांकडे बघून एवढंच म्हणाला की पट्टी खोटी असणार नाही, म्हणजे गोठ्यात काहीतरी खोटं आहे.

सरनोबतांनी ते दूध चंबूत घेतलं आणि घरी आले. त्यांना पट्टीची नाही, शिवाप्पाची शंका आली होती. पुन्हा तपासून त्याचा पक्का पुरावा पाहावा म्हणून त्यांनी दूध आणलं होतं, पण हातपाय धुवायला जाताना ते पत्नीकडे दिलं. वृंदाबाईंनी दूध घरात आल्यावर करतात तेच केलं. त्यांनी ते तापवलं. निवल्यावर सरनोबतांनी त्यात नवी पट्टी बुडवली. पांढरी. दुसरी. पांढरी. चंबूच्या तळाशी घोटभर न तापवलेलं दूध राहिलं होतं, त्यात बुडवली. जांभळी.

ओट्याशी उभ्या उभ्याच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो आनंदाचा नव्हता. पट्टीत रंग खुलवण्यासाठी जे विकर वापरलं होतं, त्याच कुळातलं विकर दुधात जन्मजात असतं. तापवलं की ते निपचित पडतं, बर्फात ठेवलं की पेंगतं. पिशवीच्या दुधात थोडं उरतं, त्याचा बंदोबस्त सरनोबतांनी पट्टीत करून ठेवला होता. पण कासेतून नुकत्याच आलेल्या, न तापवलेल्या दुधात ते पुरतं जागं असतं. तिथे रेणूची जोडी जुळायची वाट कोण बघतो? घरचंच माणूस येऊन रंग लावून जातं. पट्टीच्या चाचण्यांसाठी हजारो नमुने आले होते, सगळे डेअऱ्यांमधून, सगळे बर्फाच्या पेट्यांतून. धारोष्ण दूध कोणी तपासलं नव्हतं. का, तर धारोष्ण पिणारं गाव एकच, आणि त्या गावचा एकच माणूस पट्टीच्या प्रयोगशाळेत होता. तो संध्याकाळी पीत असे आणि सकाळी विसरत असे.

वृंदाबाईंनी विचारलं, "म्हणजे शिवाप्पा खरं बोलत होता?"

"प्राथमिक पाहता तसं दिसतंय," सरनोबत म्हणाले.

"मग जाऊन सांगा की त्याला."

सरनोबतांनी समजावलं की शास्त्रात असं चालत नाही. एका चंबूवरून निष्कर्ष काढता येत नाही. आधी भरपूर विदा, म्हणजे आकडेवारी, जमवायचा, मग पट्टीला मान्यता देणाऱ्या समितीला कळवायचं, मग जाहीर करायचं. हे सगळं खरं होतं. त्यांच्या मनात दिल्लीच्या समितीतले चेहरे आले, हेही खरं होतं. कोल्हापूरचा माणूस धारोष्ण तपासायला विसरला, हे वाक्य तिथे किती चवीने फिरेल याची त्यांना पूर्ण कल्पना होती. पिशवीच्या दुधात तर पट्टी अचूकच होती. म्हणजे चूक होती ती एका कोपऱ्यातली. ती कोपऱ्यातल्या कोपऱ्यात दुरुस्त करता आली असती. पत्राचा मसुदा त्यांनी त्याच आठवड्यात लिहिला, आणि मग तो सुधारत राहिले. 'त्रुटी' ऐवजी 'मर्यादा'. 'मर्यादा' ऐवजी 'संदर्भसापेक्ष वर्तन'. मसुदा दिवसेंदिवस इतका सुधारला की त्यात काय चुकलं हे शोधायला पुन्हा एखादी पट्टी लागली असती.

कट्ट्यावर मात्र ते रोज जात राहिले. न जावं तर विचारणा होईल, असं त्यांना वाटे. उलट आता शिवाप्पाकडेच दूध पिणं हे आपलं कर्तव्य आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पैलवान पलीकडच्या म्हशीकडे गेले होते, जिच्या शिंगावर तशीच फीत होती. "तिकडं जांभळं हाय ते हाय," बंडा चौगुले म्हणे, "पण फसवून पाजलेलं न्हाई." शिवाप्पाने भिंतीवरची पाटी उतरवली होती. सरनोबत पेला पुढे करत तेव्हा तो आधीपेक्षा जास्त अदबीने धार मारी, कारण गिऱ्हाइकांत टिकलेला मोठा माणूस हा एकच होता.

गुरुलिंग कट्ट्यावर दिसेनासा झाला, हे सरनोबतांच्या लक्षात आलं होतं. विचारायचा धीर झाला नव्हता. शेवटी एका संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर शिवाप्पानेच सांगितलं. चूल वेगळी झाली होती, म्हशी वाटून घेतल्या होत्या. पट्टी जांभळी झाली त्या रात्रीपासूनच घरात धुसफूस सुरू होती. चारा गुरू आणतो, म्हणजे चोरून मुरघास घालणार तो गुरूच. गुरूने नाही म्हटलं. बायकामुलांसमोर नाही म्हटलं. शेवटी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन त्याने शपथ घेतली.

"तरी मी म्हटलं, लिंगाची शपथ खोटी घेतलास," शिवाप्पा म्हणाला. "असलं मी आमच्या बाच्या भावकीला बी बोललो नव्हतो कधी. पण करणार काय? पट्टी समोर हुती. बरं झालं डॉक्टर, तुम्ही हुता. न्हाईतर सख्खा भाऊ डोळ्यात धूळ टाकत हुता आणि मी आंधळ्यागत पाटी लावून बसलो हुतो."

आणि त्याने सरनोबतांचा रिकामा पेला ओढून घेतला, परत भरला आणि हातात दिला. सरनोबतांनी तो प्यायला. न पिण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

घरी येऊन त्यांनी वृंदाबाईंना सगळं सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. "पत्र नको आता," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी स्वतः जा."

सरनोबत गेले. सोबत पट्ट्या, स्टोव्ह आणि पातेलंही नेलं. शिवाप्पाच्या दारात त्यांनी त्यालाच म्हैस पिळायला लावली, दूध तापवलं, न तापवलेलंही ठेवलं, आणि दोन्हींत पट्टी बुडवून दाखवली. पट्टी चुकली आहे, तुझ्या म्हशी नाहीत, गुरूही नाही, असं त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. या वेळी त्यांना 'चूक' हा शब्द जमला. शिवाप्पा दोन्ही पट्ट्यांकडे बघत उकिडवा बसून राहिला. मग त्याने मान वर केली.

"हे कवा कळलं तुम्हाला?"

खरं उत्तर सरनोबतांच्या ओठांवर होतं. ते त्यांनी रस्ताभर घोकलंही होतं.

"काल," ते म्हणाले. "काल रात्री."

शिवाप्पाचे डोळे भरून आले. रात्री कळलं आणि सकाळी दारात आलात, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मग त्याने पायात चपला सरकवल्या. गुरू माझं तोंड बघणार नाही, तुम्हीच त्याला सांगा, असं म्हणत तो सरनोबतांना जवळजवळ ओढतच भावाच्या नव्या छपराकडे घेऊन गेला. तिथे स्टोव्ह पुन्हा पेटला, पट्ट्या पुन्हा बुडाल्या. गुरुलिंगने काही विचारलं नाही. शिवाप्पानेच सांगितलं, "अरे, काल रात्री कळलं त्यांना." आणि सरनोबतांनी मान हलवली. दुसऱ्या वेळी ते बरंच सोपं गेलं.

त्याच दुपारी त्यांनी समितीला पत्र पाठवलं, तीन ओळींचं. दिल्लीत कोणी हसलं नाही. नियमात एक ओळ वाढली: 'नमुना तापवून तपासावा.' एवढंच. सुतारांनी येऊन शिवाप्पाच्या आणि गुरुलिंगच्या म्हशींच्या फिती सोडल्या. बंडा चौगुले परत आला आणि शिवाप्पाला म्हणाला, "माझ्या मनात कवा शंका नव्हतीच." भाऊ एकत्र आले की नाही, याची चौकशी सरनोबतांनी केली. कट्ट्यावर दोघं शेजारी शेजारी म्हशी बांधू लागले होते. चुली मात्र वेगळ्याच होत्या. दोन घरांमधली भिंत बांधून झाली होती.

गोष्ट इथे संपायला सरनोबतांची काही हरकत नव्हती. पण कोल्हापुरात चांगलं घडलं की त्याचा सत्कार होतो. वर्तमानपत्रात बातमी आली, 'शास्त्रज्ञाने स्वतःच उघड केली स्वतःची चूक', आणि तालमीने ठराव केला. सरनोबतांनी तब्येतीचं कारण सांगून पाहिलं. त्यामुळे त्यांच्या विनयाचीही बातमी आली.

कार्यक्रम कट्ट्यावरच झाला, संध्याकाळच्या धारा आटोपल्यावर. म्हशी मागे रवंथ करत उभ्या होत्या. पुढच्या रांगेत वृंदाबाई बसल्या होत्या. त्यांची खणानारळाने ओटी भरली होती आणि तो नारळ त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. सरनोबतांना फेटा बांधला. बांधणाऱ्याचा हात जड होता. कपाळावर फेटा करकचून बसला. प्रास्ताविकात सूत्रसंचालकांनी त्यांना 'प्रामाणिकपणाचा चालताबोलता पुतळा' म्हटलं. सुतारही बोलले. त्यांनी म्हैस हे अंतिम भांडं ठरवण्यामागची भूमिका सविस्तर सांगितली.

मग शिवाप्पा माईकपुढे आला. त्याला भाषण येत नव्हतं. "मी माझ्या भावावर विश्वास ठेवला न्हाई," तो म्हणाला. "डॉक्टरांना चूक रात्री कळली आणि सकाळी ते माझ्या दारात हुते. कोण येतंय असं? आम्ही अडाणी दीड दीड महिना भांडत बसतो, आणि मोठी माणसं एक रात्र झोपत न्हाईत." एवढं बोलून त्याने बाजूला उभ्या असलेल्या भावाकडे वळून पाहिलं. "गुरू, ये. पाया पड डॉक्टरांच्या."

गुरुलिंग पुढे आला. नवा सदरा घातलेला, ओठ मिटलेले. ज्याची शपथ खोटी ठरली होती तो माणूस सरनोबतांच्या पायाशी वाकला. त्याचा हात बुटाला लागणार इतक्यात सरनोबतांनी पाय मागे घेतला. मागे खुर्ची होती, ती पडली.

"नको," ते म्हणाले. "गुरू, नको." माईक जवळ होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मी त्या लायकीचा नाही," सरनोबत म्हणाले. आणखी टाळ्या.

"मला हे आदल्या रात्री कळलं नव्हतं. पट्टी बुडवली त्याच संध्याकाळी कळलं होतं. घरी दूध तापवलं तेव्हाच. तेव्हापासून मला सगळं माहीत होतं आणि मी कोणाला सांगितलं नाही."

मागच्या रांगांनी सवयीने टाळ्या सुरू केल्या होत्या. पुढचे थांबले तसे तेही एकेक करून थांबले. सूत्रसंचालकांनी डॉक्टरांचा विनय असा काहीसा शब्द उच्चारला आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. शिवाप्पा हसत होता. त्याचा चेहरा अजून मागच्या वाक्यातच होता, पुढचं वाक्य त्याच्यापर्यंत हळूहळू येत होतं.

गुरुलिंग सरळ उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही.

"मी ह्या अण्णासमोर लिंग हातात घेऊन उभा हुतो," तो म्हणाला, "तवा तुम्ही कुठं हुता?"

सरनोबतांनी कपाळावरचा फेटा वर सरकवला. उत्तर लांबचं नव्हतं. त्यासाठी विदा लागत नव्हता.

"इथंच होतो," ते म्हणाले. "रोज. दूध पीत होतो."

गुरुलिंगने मान हलवली, एखाद्याने नीट ऐकून घेतल्यावर हलवावी तशी. मग तो भावाकडे न बघता स्टेजवरून उतरला आणि म्हैस सोडायला गेला. शिवाप्पाही खाली उतरून दुसऱ्या म्हशीचं दावं सोडू लागला.

सूत्रसंचालकांनी हातातल्या कागदावर पाहिलं. पुढचा कार्यक्रम आभारप्रदर्शनाचा होता, आणि ते सत्कारमूर्तींनी करायचं होतं.